नळीतला वायू केव्हा भडकतो?

गुहागरात व्याडेश्वराच्या देवळाकडून समुद्राकडे निघालात की दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. सकाळची शांत वेळ असते. रहाटांची कुरकुर आता राहिली नाही, पंपाची घरघर तेवढी ऐकू येते. अशा वेळी एखाद्या वाडीतून अचानक 'धाड्' असा आवाज उठतो, कावळे उडतात आणि मुंबईहून आलेला पाहुणा हातातली कपबशी सावरीत विचारतो, "काय हो झालं?" यजमान शांतपणे सांगतात, "काही नाही. माकडं हाकलतायत."

माकडांनी कोकणातल्या बागायतदाराला जेरीस आणले आहे, हे खरेच. त्यांना भिवविण्यासाठी जी साधने निघाली, त्यांत प्लास्टिकची एक नळीही आहे. नळीत कार्बाइडचा खडा असतो. कार्बाइडला पाणी लागले की अ‍ॅसिटिलीन नावाचा वायू सुटतो. जुन्या मंडळींना हा वायू चांगला परिचयाचा आहे, कारण सायकलीच्या आणि जत्रेतल्या दुकानांच्या बत्त्या याच वायूवर जळत. बत्तीत तो बिचारा संथपणे जळे आणि पांढराशुभ्र उजेड देई. नळीत मात्र तोच वायू तोफ डागल्यासारखा उडतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच नळ्या फटाके म्हणून बाजारात आल्या आणि शंभराहून अधिक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. काहींची दृष्टी कायमची गेली. तेव्हा ज्या घरी ही नळी खेळणे म्हणून आली असेल, त्यांनी ती आजच मुलांच्या हातून काढून घ्यावी.

आता आपल्या पाहुण्याकडे परत येऊ. संध्याकाळी तो फिरायला म्हणून उत्तरेला अंजनवेलकडे जातो. गोपाळगडाच्या तटावरून खाली वाशिष्ठीची खाडी दिसते, पलीकडच्या तीरावर दाभोळ दिसते, आणि अलीकडे कातळावर उभा असलेला तो प्रचंड कारखाना दिसतो. टाक्या, धुरांडी आणि मैलोन्‌मैल नळ्या. नाव दाभोळचे आणि जमीन गुहागरची, असा हा प्रकार आहे. पाहुण्याच्या मनात साहजिकच प्रश्न येतो. हातभर नळीतला चिमूटभर वायू एवढा दणका देतो, तर इथे जहाजाच्या जहाज भरून आलेला वायू आहे. तो उडाला तर काय?

प्रश्न भाबडा वाटला तरी तो फार चांगला आहे. कारण त्याचे उत्तर आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. त्या मोठ्या नळीत वायू काठोकाठ भरलेला आहे, म्हणूनच ती शांत आहे. आणि वाडीतली नळी उडते, कारण तिच्यात वायू थोडा आहे आणि हवाच फार आहे!

चुना कमी, चुना जास्त

फटाक्याच्या दारूत सोरा असतो. सोरा म्हणजे जणू गाठोड्यात बांधून ठेवलेला प्राणवायू. म्हणून फटाक्याला बाहेरच्या हवेची गरज नसते. पुरचुंडीत गुंडाळला तरी तो उडतो. ज्वालाग्राही वायूपाशी अशी शिदोरी नसते. मिथेन घ्या, स्वयंपाकघरात येणारा प्रोपेन-ब्युटेनचा गॅस घ्या. जळायचे तर त्यांना हवेतला प्राणवायू लागतो आणि तोही ठराविक मापात लागतो.

विड्यातल्या चुन्यासारखे हे माप आहे. कमी पडला तर पान रंगत नाही, जास्त झाला तर तोंड भाजते. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. हवेत त्याचे प्रमाण शंभरात पाचाहून कमी असेल तर ठिणगी टाकूनही ते मिश्रण पेटत नाही. पंधराहून जास्त असेल तरी पेटत नाही. तिथे वायू फार आणि प्राणवायू अपुरा, असा प्रकार होतो. पाच आणि पंधरा यांच्यामध्ये मात्र सारा धोका दबा धरून बसलेला असतो, आणि साडेनऊच्या आसपास तो सर्वांत दांडगा असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या वायूची हद्द साधारणपणे दोनपासून दहापर्यंत आहे. हायड्रोजनची चारपासून पंचाहत्तरपर्यंत, म्हणजे तो जवळजवळ कोणत्याही प्रमाणात पेटायला राजी असतो. अ‍ॅसिटिलीन तर त्याच्याही पुढचा. तो दाबाखाली असला तर हवेवाचूनही स्वतःच स्वतःत फुटू शकतो. म्हणूनच त्याचे सिलिंडर पोकळ नसते. आत सच्छिद्र भरण कोंबून, त्यात अ‍ॅसिटोन मुरवून, त्या अ‍ॅसिटोनमध्ये हा वायू विरघळवून ठेवतात. वाडीतल्या नळीत नेमका हाच माथेफिरू वायू असतो!

अंजनवेलच्या नळ्यांत शंभर टक्के वायू असतो. शंभर हा आकडा पंधराच्या कितीतरी पलीकडे आहे. अशा नळीच्या पोटात आतल्या आत तुम्ही ठिणगी पाडलीत तरी ती विझून जाईल. नळीला भोक पडले आणि वायू बाहेर येऊन पेटला, तर तोंडाशी ज्वाळा लागेल, ती भयंकरही असेल, पण ती आत शिरणार नाही. कारण आत तिला श्वास घ्यायला काही नाही.

मग कारखान्यांतून नळ्या फुटतात त्या कशा?

ज्योतीचे पाय

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कोळशाच्या खाणींतून मिथेनचे भयानक स्फोट होत आणि एकेका स्फोटात शेकडो खाणकामगार मरत. या वायूचा स्वभाव जाणून घेण्यासाठी फ्रान्समध्ये मालार आणि ल शातलिए यांनी, तसेच बर्तलो आणि व्हिएई यांनी लांब नळ्यांत वायूची मिश्रणे भरून ती एका टोकाला पेटवली आणि ज्योत दुसऱ्या टोकाला किती वेळात पोचते ते मोजले. १८८१ च्या सुमाराची ही गोष्ट. त्यांना आढळले ते असे की, प्रारंभी ज्योत सावकाश चालते, मग धावू लागते, आणि पुढे एका क्षणी तिचा वेग असा काही वाढतो की ती आवाजालाही मागे टाकते. मिश्रण तेच आणि नळीही तीच, पण ज्योतीच्या चालीत जमीन-अस्मानाचे अंतर.

शांत हवेत मिथेनची ज्योत ताज्या मिश्रणात सेकंदाला सुमारे चाळीस सेंटिमीटर या गतीने शिरते. रांगते मूलसुद्धा तिच्या बरोबरीने जाईल! मग नळीत तिला एवढे पाय कुठून फुटतात?

वायू जळाला की तापतो आणि तापला की सातआठ पट फुगतो. उघड्यावर हा फुगवटा चहूकडे पसरून जातो. नळीचे एक तोंड बंद असेल आणि ज्योत त्या बाजूने लागली असेल, तर फुगलेल्या वायूला मागे जायला वाट नसते. तो पुढे रेटतो. पुढचा न जळलेला वायू त्या रेट्याने नळीतून वाहू लागतो, भिंतींना घासतो, आणि त्यात भोवरे उठतात. ज्योत आता या भोवऱ्यांत शिरते. आधी ताटलीसारखी सपाट होती ती चुरगळलेल्या कापडासारखी होते. चुरगळलेल्या कापडाला पृष्ठभाग जास्त. म्हणून एकाच वेळी जास्त वायू जळतो, जास्त फुगतो, आणखी जोराने रेटतो आणि पुढे आणखी भोवरे उठतात. विसर्जनाच्या दिवशी अरुंद बोळात मागचा लोंढा पुढच्यांना ढकलतो, त्यातलाच हा प्रकार. नळीत एखादे वळण असेल, अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह असेल, मध्येच तोंड अरुंद झालेले असेल, तर प्रत्येक ठिकाणी भोवरे वाढतात आणि ज्योतीला नवा चाबूक बसतो. नळीची लांबी हीच ज्योतीची शाळा आहे, असे म्हटले तरी चालेल!

शेवटी अशी वेळ येते की ज्योतीपुढे दाबाच्या लाटा एकमेकींवर चढून एकच जबर लाट तयार होते. त्या लाटेच्या नुसत्या दाबानेच पुढचा वायू इतका तापतो की त्याला पेटवायला ज्योतीची गरजच उरत नाही. लाट जाते तिथे तो आपोआप पेटतो. मिथेन आणि हवा यांच्या मिश्रणात ही लाट सेकंदाला सुमारे अठराशे मीटर धावते, म्हणजे आवाजाच्या पाचपट. आता तिला ज्योत म्हणणेही चुकीचे आहे. इंग्रजीत तिला डिटोनेशन म्हणतात. आपण तिला स्फोटलहर म्हणू.

फरक नुसता वेगाचा नाही. बंद भांड्यात साधी ज्योत जळून गेली तर दाब आरंभीच्या सुमारे आठ पट होतो. स्फोटलहरीत तो सोळा-सतरा पट होतो, आणि ती नळीच्या बंद टोकावर किंवा कोपऱ्यावर आपटून मागे फिरली की त्याच्याही दुपटीहून वर जातो. हे सारे आकडे 'आरंभीच्या दाबाच्या पटीत' आहेत, हे ध्यानात घ्यावे. नळीतले मिश्रण आधीच दहा पट दाबाखाली असेल, तर सतराचे एकशे सत्तर होतात! पोलादाची नळी जाड असते, पण इतका मार सोसण्यासाठी ती क्वचितच बनवलेली असते. म्हणून स्फोटानंतर तज्ज्ञ प्रथम कोपरे आणि बंद टोके तपासतात. नळी बहुधा तिथेच उकललेली सापडते.

मिथेन हा त्यातल्या त्यात आळशी वायू आहे. त्याला स्फोटलहर उठवायला बरीच लांब नळी लागते. हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीन यांचे तसे नाही. त्यांना थोडकी लांबीसुद्धा पुरते.

याचे एक उदाहरण जपानात घडले. ७ नोव्हेंबर २००१ रोजी हामाओका येथील अणुविद्युत् केंद्रात वाफेची एक नळी कोपऱ्यावर फाटली. ती नळी होती साध्या वाफेची. तिच्यात ज्वालाग्राही वायू कोणी भरला नव्हता. पण अणुभट्टीत पाण्याचे रेणू किरणोत्साराने फुटून थोडाथोडा हायड्रोजन आणि प्राणवायू तयार होत असतो आणि तो वाफेबरोबर वाहतो. ही नळी एका बाजूने बंद होती. वाफ तिथे थंड होऊन तिचे पाणी होई, आणि हे दोन वायू मात्र, पाणी न होता, गोठ्याच्या कोपऱ्यात कचरा साचावा तसे साचत राहिले. एके दिवशी त्यांनी आपला हिशेब चुकता केला. प्राणहानी झाली नाही हे सुदैव. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीतल्या ब्रुन्सब्युटेलच्या केंद्रात तशीच घटना घडली. वाहती नळी निर्धोक होती. जिथे वाहणे थांबले होते तो आंधळा कोपराच उलटला.

ठिणगीचा शोध

असा काही अपघात झाला की वर्तमानपत्रे पहिला प्रश्न विचारतात: ठिणगी कुठून आली? माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, हवा कुठून आली?

कारण ठिणगीला दुष्काळ नाही. मिथेनचे नेमके मिश्रण पेटवायला लागणारी ऊर्जा इतकी क्षुल्लक आहे की ऐकून हसू येईल. एक ग्रॅम वजन, म्हणजे साधारण दोन शेंगदाणे, दोन बोटांच्या उंचीवरून खाली टाकावे, एवढीच ती ऊर्जा! हायड्रोजनला तर याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पुरते. कोरड्या हवेत नायलॉनचे वस्त्र अंगातून काढताना चटचट होते, त्या प्रत्येक चटक्यात याहून अधिक ऊर्जा असू शकते. हातोडीचा ठोका, विजेचे बटण, नळीतून वेगाने वाहणाऱ्या धुळीच्या घर्षणाची वीज, कुणी लांबवर करीत असलेले वेल्डिंग — किती सांगावीत?

आणि कधीकधी नळी आपली ठिणगी आपल्याच पोटात बाळगून असते. वायूत गंधकाचा अंश असेल तर तो लोखंडाशी संयोग पावून आतल्या अंगाला काळी भुकटी धरते. वायूच्या सहवासात ती वर्षानुवर्षे गप्प पडून राहते. पण दुरुस्तीसाठी नळी उघडली आणि तिला हवा लागली की ती आपोआप तापून लाल होते. म्हणजे ज्या घटकेला हवा आत आली, त्याच घटकेला विस्तवही आत हजर! म्हणून अशी नळी उघडताना ती भुकटी पाण्याने ओली ठेवण्याची रीत आहे.

तेव्हा शहाणा कारखानदार ठिणग्या टाळतोच, पण केवळ त्यांच्यावर भरवसा ठेवीत नाही. तो वायू आणि हवा यांची भेटच होऊ देत नाही.

मधला निर्विकार गृहस्थ

ही भेट होण्याचे प्रसंग मुख्यतः तीन. नवी नळी प्रथम भरतात तेव्हा, भरलेली नळी दुरुस्तीसाठी रिकामी करतात तेव्हा, आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेल्याने नळी हवा ओढून घेते तेव्हा. पहिल्या दोहोंत प्रमाण शून्यापासून शंभरापर्यंत किंवा शंभरापासून शून्यापर्यंत जाते, आणि जाताना पाच ते पंधराच्या गल्लीतून जावेच लागते. दिवस निर्धोक, रात्रही निर्धोक, भीती ती तिन्हीसांजेची.

यावरचा उपाय मोठा साधा आहे. दोघांच्या मध्ये तिसरा आणून बसवायचा. हा तिसरा म्हणजे नायट्रोजन, आपल्या जुन्या शालेय पुस्तकांतला नत्रवायू. तो जळत नाही आणि कुणाला जळायला मदतही करीत नाही. आधी नत्रवायूने हवा हुसकावून द्यायची आणि मग वायू सोडायचा. रिकामी करताना आधी नत्रवायूने वायू हुसकावायचा आणि मग हवा. प्राणवायूचे प्रमाण शंभरात एकवीस असते ते बाराच्या खाली आणले, की मिथेन कितीही असला तरी पेटू शकत नाही. व्यवहारात त्याच्याही बरेच खाली आणतात.

अंजनवेलचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एन्रॉन म्हटले की मराठी माणसाला राजकारण आठवते; त्याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. दाभोळ वीज कंपनीचा पहिला टप्पा १९९९ साली नॅफ्थ्यावर सुरू झाला, २००१ च्या मे महिन्यात सारेच बंद पडले, आणि २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून तो डोलारा पुन्हा उभा करण्यात आला. २०१३ पासून तिथे द्रवरूप नैसर्गिक वायूची जहाजे येऊ लागली. शून्याखाली एकशे बासष्ट अंशांपर्यंत थंड केला की हा वायू पाण्यासारखा पातळ होतो आणि त्याचे आकारमान सहाशे पटींनी घटते. म्हणून तर एवढ्या दुरून जहाजाने आणणे परवडते. धक्क्यावर जहाज लागले की पोलादी बाहू त्याच्या नळांना जोडतात. या जोडणीच्या वेळी बाहूंच्या पोटात हवा असते. ती तशीच ठेवून वायू सोडला तर? म्हणून अशा धक्क्यांवर आधी नत्रवायू फिरवतात, प्राणवायू मोजतात आणि मगच झडपा उघडतात. माल उतरवून झाल्यावर हाच विधी उलट्या क्रमाने होतो.

तिथून द्रवाचा पुन्हा वायू करून तो जमिनीखालच्या नळांतून दूर धाडला जातो. सुमारे हजार किलोमीटरांचा दाभोळ–बंगळूर नळ २०१३ सालीच सुरू झाला. इतका लांब नळ प्रथम भरायचा कसा, असा प्रश्न पडेल. आधी पाण्याचा दाब देऊन नळाची परीक्षा घेतात, मग तो आतून कोरडा करतात. त्यानंतर पुढे हवा, मध्ये नत्रवायूचा लांबच लांब गठ्ठा आणि मागे नैसर्गिक वायू, अशी मिरवणूक निघते. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मधे नळाच्या मापाचा एक बोळा सरकवतात. नळातून फिरणाऱ्या या बोळ्याला जगभरचे इंजिनियर 'पिग' म्हणजे डुक्कर म्हणतात. हे नाव त्याला कुणी दिले असेल ते असो, पण हजार किलोमीटर काळोखात कुरकुरत चालणाऱ्या प्राण्याला ते शोभते खरे!

राहिला तिसरा प्रसंग, हवा ओढून घेण्याचा. कारखान्याच्या टोकाला उंच धुरांडे असते आणि त्याच्या माथ्यावर ज्योत जळत असते, ती आपण ट्रॉम्बेकडून जाताना पाहिली असेल. जादा वायू तिथे जाळून टाकतात. वायू जात नसेल त्या वेळी या उभ्या नळीत वरून हवा उतरू शकते, आणि वर तर ज्योत तयारच आहे! म्हणून त्या धुरांड्यातून थोडाथोडा वायू किंवा नत्रवायू अखंड वर सोडीत राहतात. शिवाय वाटेत पाण्याचा बांध किंवा बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवतात. ही जाळी १८१५ साली हंफ्री डेव्हीने खाणीतल्या दिव्यासाठी शोधली. मिथेनची ज्योत सुमारे दोन मिलिमीटरांहून अरुंद फटीतून पलीकडे जात नाही. धातू तिची उष्णता पिऊन टाकतो. मात्र साध्या ज्योतीला अडवणारी जाळी स्फोटलहरीपुढे टिकेलच असे नाही. तेव्हा जाळी बसवायची ती ज्योतीला पाय फुटण्याआधी, उगमाजवळ.

नागोठण्याची आठवण

हे सर्व विधी पुस्तकी वाटतात, पण त्यांची किंमत रायगड जिल्ह्याला माहीत आहे. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या संकुलात इथेन-प्रोपेन वायूची गळती झाली, वायूचा ढग पसरला आणि तो पेटून तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. नळीत हा वायू निर्धोक होता. बाहेर आल्यावर त्याला हवा मिळाली.

इथे वाचक म्हणतील, बाहेर तर नळी नाही. मग ज्योतीला वेग कुणी दिला? कारखान्यात नळ्यांच्या रांगा, शिड्या, खांब, टाक्या यांची जी दाटी असते, ती नळीच्या भिंतींचेच काम करते. प्रत्येक खांबामागे भोवरा उठतो. २००५ साली इंग्लंडात बन्सफील्ड येथे पेट्रोलच्या वाफेचा ढग पेटला, तेव्हा तो एवढा जबरदस्त का फुटला याचे तज्ज्ञांना कोडे पडले. शोधांती दोष गेला तो रस्त्याकडेच्या झाडाझुडपांवर! दाट फांद्यांतून जाताना ज्योत धावायला शिकली होती.

अंजनवेलसारख्याच जातीचे एक वीज केंद्र अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात बांधले जात होते. नव्या नळ्यांतली वेल्डिंगची खडी आणि गंज काढण्यासाठी त्यांनी जोराच्या दाबाने नैसर्गिक वायूच नळ्यांतून फुंकून बाहेर सोडला. ७ फेब्रुवारी २०१० या रविवारी तो वायू पेटला आणि सहा माणसे मरण पावली. नळी झाडायला हवा चालली असती. त्याच्या आठ महिने आधी, ९ जून २००९ रोजी, नॉर्थ कॅरोलिनातल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नवा पाणी तापवण्याचा बंब जोडत होते. नळीत हवा असल्याने बंब पेटेना. म्हणून ती हवा काढायला नळीचे तोंड खोलीतच उघडे ठेवले, आणि हे काम अधूनमधून दोन-अडीच तास चालले. वायू आला की वास येईलच, असा साऱ्यांचा भरवसा. पण नाकाला सवय होते. वास येता येता येईनासा होतो. चार माणसे गेली.

हा बंब आपल्या घरातल्या गीझरपेक्षा मोठा होता, एवढाच फरक.

स्वयंपाकघरातली नळी

आणि आता गृहिणींसाठी. हवा आणि वायू यांचे मिश्रण मुद्दाम भरलेली एक नळी प्रत्येक घरात असते, हे आपल्या लक्षात आले आहे काय? शेगडीच्या कॉकपासून बर्नरपर्यंत जाणारी ती वीतभर नळी! कॉकच्या बारीक छिद्रातून गॅस जोराने येतो आणि येताना बाजूची हवा ओढून घेतो. बर्नरच्या भोकांशी ज्योत पेटते. मग ती उलटी आत का शिरत नाही? दोन कारणे. भोकांतून बाहेर पडणाऱ्या मिश्रणाचा वेग ज्योतीच्या चालीहून जास्त असतो. आणि भोके इतकी बारीक की डेव्हीच्या जाळीप्रमाणे ज्योत त्यांतून मागे येऊ शकत नाही.

कधी बर्नर झिजून भोके मोठी होतात, कधी उतू गेलेल्या दुधाने काही भोके बुजतात, कधी टोपी वाकडी बसते. मग गॅस अगदी बारीक केला की 'फट्' होते, ज्योत आत जाते आणि शेगडी खालून घुमू लागते. वाडीतल्या नळीचा आणि नागोठण्याचा हा चिमुकला भाऊबंद. नळी वीतभर, म्हणून त्याला पाय फुटत नाहीत. अशा वेळी कॉक बंद करावा, शेगडी निवू द्यावी, भोके सुईने साफ करावीत, झिजलेला बर्नर बदलावा. घुमणाऱ्या शेगडीवर भाजी पुरी करण्याचा मोह आवरावा.

पुण्यामुंबईकडे आता घरोघर नळाचा गॅस येतो. त्याचा वास त्याचा स्वतःचा नव्हे. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेच्या तळघरात बिनवासाचा वायू साचून स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक मुलेच होती. तेव्हापासून वायूत गंधकयुक्त दुर्गंधी मिसळण्याचा प्रघात पक्का झाला. रस्त्यावरच्या बांधकामाचा फावडा नळाला लागला, किंवा जिन्यात तो वास आला, तर घरातल्या नाकांनी एकमेकांशी चर्चा करीत बसू नये. बाहेर पडावे, बटणांना हात लावू नये आणि गॅस कंपनीला बाहेरूनच कळवावे.

नव्या जोडणीच्या दिवशी फिटर येतो. त्याने पहिल्यांदा कॉक उघडला की नळीतून आधी नुसती हवा येते; काडी धरली तर काही होत नाही. मग मिश्रण येते, आणि त्यानंतर निखळ गॅस. ही मधली दोनचार मिनिटे महत्त्वाची. चांगला फिटर खिडक्या सताड उघडतो, नळीचे तोंड खिडकीबाहेर काढतो, देवघरातली समई आणि उदबत्ती विझवायला सांगतो, आणि घाई करीत नाही. "अहो, लवकर करा, चहा ठेवायचाय," असे त्याला आतून म्हणू नये.